कप्तान बदलला की संघ बदलतो का?

थर्डमॅन (धागाकर्ता)

डिसेंबर २०२०, ऑस्ट्रेलिया दौरा. अ‍ॅडलेडच्या टेस्टला आपण ३६ वर ऑलआउट झालो. शमीचा हात मोडला आणि कोहली बाळंतपणाच्या रजेवर घरी परतला. त्या वेळी इथल्याच एका धाग्यावर ०-४ ची भाकितं झाली होती (नावं घेत नाही, मंडळी अजून हयात आणि सक्रिय आहेत). आठवडाभराने मेलबर्नला त्याच संघाने, चार बदल करून, ८ विकेटनी मॅच काढली.

त्या पहिल्या सकाळी रहाणेने काय केलं ते पुन्हा बघण्यासारखं आहे. पहिल्या तासातच अश्विनच्या हातात चेंडू. ऑस्ट्रेलियात, बॉक्सिंग डेला, पिचवर ओलावा असताना! वेडला त्याने काढलं, पाठोपाठ स्मिथ शून्यावर लेग गलीत पुजाराच्या हातात. आणि पदार्पण करणाऱ्या सिराजला मात्र लंचपर्यंत थांबवून ठेवलं. चेंडू जुना झाल्यावर, दडपण थोडं उतरल्यावर त्याला आणलं आणि त्याने लाबुशेन काढला. ऑस्ट्रेलिया १९५. दुसऱ्या दिवशी स्वतः कप्तानाचं शतक.

आता प्रश्न असा. कोहली असता तर ही मॅच हरलो असतो का? मला तसं छातीठोक म्हणता येत नाही. पण खेळाडू साधारण तेच, कप्तान वेगळा, अशी उदाहरणं जमवली तर कप्तानामुळे खरोखर किती फरक पडतो याचा काही अंदाज येईल असं वाटतं.

एक विनंती: 'धोनी मोठा की दादा (गांगुली)' हे इथे नको. त्यासाठी चार धागे आधीच भरून वाहतायत.

पायचीत

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. विनंती पहिल्या पानावरच मोडणार यावर चहाची पैज.

जुनी_विकेट

थर्डमॅनराव, चांगला विषय काढलात. रहाणेच्या आधी पन्नास वर्षं जा. १९७१.

विजय मर्चंट यांनी अध्यक्षाचं निर्णायक मत टाकून पतौडींच्या जागी अजित वाडेकरांना कप्तान केलं, तेव्हा निम्म्या देशाला ते खटकलं होतं. वेस्ट इंडीजला आपण तोवर एकही टेस्ट हरवली नव्हती. किंग्स्टनच्या पहिल्या टेस्टचा पहिला दिवस पावसात गेला. सरदेसाईंच्या २१२ मुळे आपण ३८७ केले, ते २१७ वर आटोपले. आघाडी १७०. पाच दिवसांच्या मॅचमध्ये फॉलोऑनला (म्हणजे समोरच्यांना लगेच पुन्हा बॅटिंगला लावायला) २०० ची आघाडी लागते, पण पहिला दिवस वाया गेला की मॅच चार दिवसांची धरतात आणि १५० पुरतात. हे वाडेकरांच्या बरोबर लक्षात होतं. सोबर्सना सांगायला ते स्वतः त्यांच्या ड्रेसिंग रूममध्ये गेले. वेस्ट इंडीजला फॉलोऑन! मॅच अनिर्णित राहिली, पण त्या दिवसापासून समोरच्यांची आपल्याकडे बघायची नजर बदलली.

पुढची टेस्ट पोर्ट ऑफ स्पेनला. दुसऱ्या डावात सलीम दुराणींनी स्वतःहून चेंडू मागितला. वाडेकरांनी दिला. लॉइड आणि सोबर्स दोघेही गेले. दुराणींचे आकडे १७-८-२१-२ (१७ ओव्हर, ८ निर्धाव, २१ धावा, २ विकेट). लॉइडचा कॅच खुद्द वाडेकरांनीच घेतला. विंडीजविरुद्धचा आपला पहिला विजय तो हाच. मागणारा दुराणी होताच, पण देणारा हवा ना? सावध माणसाने बेदी-वेंकटलाच चालू ठेवलं असतं.

रच्याकने (म्हणजे जाता जाता), गावसकर एक किस्सा सांगतात. सोबर्स रोज येऊन शकुन म्हणून गावसकरांना हात लावून जायचे आणि धावा करायचे. शेवटच्या टेस्टमध्ये वाडेकरांनी गावसकरांना चक्क बाथरूममध्ये कोंडून ठेवलं. सोबर्स पहिल्याच चेंडूवर शून्यावर आउट. हेही कप्तानपदाच्या खात्यात जमा करायचं का, ते आकडेवाल्यांनी ठरवावं. :-)

आकडेमोड

आकडेवाल्यांना हाक मारलीत म्हणून आलो.

वाडेकर १९७१ : दोन परदेशी मालिका जिंकल्या. वाडेकर १९७४ : इंग्लंडमध्ये ०-३, लॉर्ड्सला सगळे मिळून ४२. माणूस तोच. तीन वर्षांत त्यांची अक्कल कुठे गहाण पडली होती का? नाही. थंड, ओलसर इंग्लिश उन्हाळा होता, ओल्ड आणि आर्नल्डचे चेंडू हलत होते आणि आपली फलंदाजी तशा हवेत नेहमी जायची तशी गेली. इंदूरला विजयाची आठवण म्हणून सिमेंटची भली मोठी बॅट उभारली होती, लोकांनी तिला डांबर फासलं. १९७१ मध्ये हार घातले ते कप्तानाला आणि १९७४ मध्ये डांबर फासलं तेही कप्तानालाच. दोन्ही वेळा हिशोब चुकला, असं माझं मत.

आणखी घ्या:

कपिल देव. विश्वचषक जिंकणारा कप्तान. टेस्टमध्ये ३४ पैकी ४ विजय. विश्वचषकानंतर त्याच हिवाळ्यात त्याच वेस्ट इंडीजने आपल्याकडे येऊन टेस्टमध्ये ३-० आणि वनडेत ५-० धुतलं.

तेंडुलकर. २५ पैकी ४ विजय. १९९७ ला ब्रिजटाउनमध्ये १२० हवे होते, ८१ वर सगळे बाद. त्या दौऱ्यावर श्रीनाथही नव्हता. १२० चा पाठलाग करताना कप्तानाने नेमकी कुठली व्यूहरचना करायची असते?

पाँटिंग. ७७ टेस्ट, ४८ विजय. पण २००५ ची अ‍ॅशेस (इंग्लंड-ऑस्ट्रेलिया टेस्ट मालिका) बघा. इंग्लंडने दोन टेस्ट जिंकल्या, एजबॅस्टन आणि ट्रेंट ब्रिज. मॅग्रा नेमका त्याच दोन टेस्ट खेळला नाही. वॉर्न-मॅग्रा निवृत्त झाल्यावर याच पाँटिंगने आणखी दोन अ‍ॅशेस घालवल्या.

टेस्ट जिंकायला वीस विकेट लागतात. त्या घेणारे असले की कप्तान हुशार दिसतो. कोहलीच्या ६८ पैकी ४० विजयांत बुमरा, शमी, इशांत, अश्विन, जडेजा यांचा वाटा बाजूला काढा आणि मग बोला.

पायचीत

अकरा षटकांत कोहली आला. अर्धा चहा मला लागू.

चहाटळ

आकडेमोड, ओव्हलचा किस्सा विसरलात. तुमच्याच बाजूचा आहे. १९७१, शेवटचा दिवस, वाडेकर सकाळी लगेच रनआउट झाले. ड्रेसिंग रूममध्ये येऊन झोपी गेले! भारत जिंकल्याचं केन बॅरिंग्टनने येऊन उठवून सांगितलं. इंग्लंडमधला पहिला टेस्ट विजय, पहिला मालिका विजय, आणि कप्तान घोरतोय.

जुनी_विकेट

झोप लागते कारण आत विश्वनाथ आणि इंजिनियर आहेत हे माहीत असतं. :-) आणि आदल्या दिवशी इंग्लंडला १०१ वर काढताना चंद्रशेखरला एका टोकाकडून चालू ठेवणारे तेच होते. चंद्राचं कसं असायचं ते आमच्या पिढीने पाहिलंय. एका ओव्हरमध्ये दोन फुलटॉस आणि एक न खेळता येणारा चेंडू. असा माणूस महाग पडला की काढून घ्यायचा मोह भल्याभल्यांना होतो. ३८ धावांत ६ विकेट या काही आपोआप होत नाहीत.

अर्थात एड्रिचचा त्रिफळा उडवणारा वेगवान चेंडू टाक म्हणून चंद्राला ओरडून सांगणारे सरदेसाई होते, वाडेकर नव्हेत. तेव्हा मिल रीफ नावाचा घोडा डर्बी जिंकलेला, 'मिल रीफ डाल' एवढंच म्हणाले. तेही मान्य करतो.

लीड्सवासी

इथून हेडिंग्ली चालत जाण्याच्या अंतरावर, त्यामुळे हा विषय निघाल्यावर इंग्लंडचा जुना कप्तान माइक ब्रिअर्ली याच्याबद्दल न लिहिणं शक्य नाही.

१९८१, समोर ऑस्ट्रेलिया. बॉथम इंग्लंडचा कप्तान म्हणून १२ टेस्टमध्ये एकही जिंकलेला नाही. लॉर्ड्सला दोन्ही डावांत शून्य, राजीनामा. ब्रिअर्लीला परत बोलावलं. ब्रिअर्ली म्हणजे टेस्ट सरासरी २३ च्या आत, एकही टेस्ट शतक नाही. आजच्या निवड समितीने दारात उभा केला नसता. पुढचं सगळ्यांना पाठ आहे: फॉलोऑन, बॉथम नाबाद १४९, विलिस ८/४३, १३० चा पाठलाग करताना ऑस्ट्रेलिया १११.

पण लोक बॉथमच्या १४९ वर थांबतात. मला त्यातला विलिसचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. आधी तो दुसऱ्या टोकाकडून, वाऱ्याविरुद्ध टाकत होता आणि काही होत नव्हतं. त्याने टोक बदलून मागितलं. ब्रिअर्लीने कर्कस्टॉल लेनकडून, उतारावरून आणला आणि नोबॉलची काळजी सोड, फक्त जोरात टाक असं सांगितलं. १ बाद ५६ वरून ८ बाद ७५. हे मैदान खरोखर उताराचं आहे, टीव्हीवर कळत नाही. वर उभं राहून पाहिलं की विलिसला इथून धावत सुटायला का बरं वाटलं असेल ते लगेच समजतं.

त्याच मालिकेत एजबॅस्टनला बॉथम बोलिंग टाकायला नको म्हणत होता. ब्रिअर्लीने टाकायला लावली. २८ चेंडूंत १ धाव देऊन ५ विकेट. आता बॉथम तोच ना? दोन महिन्यांपूर्वीही तोच होता.

आकडेमोड

लीड्सवासी, प्रतिसाद आवडला. पण एक गोष्ट राहिली. बॉथमच्या त्या १२ टेस्टपैकी ९ वेस्ट इंडीजविरुद्ध होत्या. लॉइडचा वेस्ट इंडीज! ब्रिअर्लीने कप्तान म्हणून वेस्ट इंडीजविरुद्ध एकही टेस्ट खेळलेली नाही. ३१ पैकी १८ विजय, ४ पराभव हा आकडा झकास, पण समोर कोण होतं ते बघायला नको का? रॉबर्ट्स-होल्डिंग-गार्नर-क्रॉफ्टसमोर ब्रिअर्लीने कुठलं मानसशास्त्र वापरलं असतं हे बघायला मला आवडलं असतं.

लीड्सवासी

हा मुद्दा वजनदार आहे. तरीही बॉथमचं काय? तो राजीनाम्यानंतरच्याच टेस्टमध्ये ६ विकेट, ५० आणि १४९ करतो. तिथे समोर तोच ऑस्ट्रेलिया होता ज्याच्यासमोर आदल्या टेस्टला दोन भोपळे काढले. कप्तानपदाचा एक परिणाम असाही असतो की ते ज्याच्या डोक्यावर ठेवता त्या खेळाडूला संघ गमावून बसतो. तेंडुलकरच्या बाबतीतही याचा विचार व्हायला हवा.

वऱ्हाडी_ठेचा

तुम्ही सगळे लॉर्ड्स-लीड्सचंच बोलून राहिले. आमच्या नागपूरच्या जामठा स्टेडियमकडे पण या कधी.

विदर्भ २०१७-१८ ला रणजी जिंकला. कप्तान फैज फझल, कोच चंद्रकांत पंडित. इंदूरला फायनल, समोर दिल्ली, गुरबानीची हॅटट्रिक. लोक म्हणाले लागला तुक्का. पुढच्या वर्षी नागपुरात सौराष्ट्राला हरवून पुन्हा जिंकला. तेव्हा तोंडं बंद झाली. फैज म्हणजे गाजावाजा नाही, आरडाओरडा नाही. शिस्त लावायचं काम पंडित सरांचं, माणसं जपायचं काम फैजचं. सर पुढे मध्य प्रदेशात गेले, तर २०२१-२२ ला मध्य प्रदेश जिंकला. फायनलमध्ये हरवलं कोणाला? मुंबईला. कप्तान आदित्य श्रीवास्तव. खरं सांगा, या धाग्यावरच्या किती जणांनी हे नाव आधी ऐकलं होतं?

म्हणून मी काय म्हणतो भाऊ, रणजीत तरी कप्तानापेक्षा कोच मोठा होऊन राहिला.

सौ_स्क्वेअरकट

ठेचाभाऊ, मुंबईच्या जखमेवर मीठ चोळायची गरज नव्हती. :-(

माझं उदाहरण आयपीएलचं, नाकं मुरडू नका. २०१३ ला पाँटिंग मध्येच बाजूला झाला, रोहित कप्तान झाला आणि मुंबई इंडियन्स पहिल्यांदा जिंकली. मग २०१५, २०१७, २०१९, २०२०. पुढे २०२४ ला रोहितला काढून हार्दिकला आणलं, संघ तळाला. वानखेडेवर स्वतःच्याच कप्तानाची हुर्यो! सगळ्यांनी निष्कर्ष काढला, बघा, कप्तान बदलला आणि घर बुडालं.

पण २०२२ कोणाला आठवतं का? कप्तान रोहितच. पहिल्या आठ मॅच ओळीने हरलो आणि तेव्हाही तळालाच. १४ पैकी ४ विजय. २०२४ मध्ये किती? १४ पैकी ४ च. आणि २०२२ चा चषक उचलला कोणी? गुजरातने, पहिल्याच वर्षी, हार्दिकच्या कप्तानीखाली. आमच्या घरात यावरून जेवणाच्या टेबलावर दोन पक्ष आहेत आणि दोघांनाही हे आकडे गैरसोयीचे आहेत.

आकडेमोड

ताई, तुम्हाला साष्टांग. हाच प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवा.

पायचीत

म्हणजे निष्कर्ष : दर दोन वर्षांनी बुमरा फिट आहे का ते बघा आणि मग कप्तानाला हार घाला.

गल्लीबोळ

दादाने सेहवागला ओपनिंगला पाठवलं, धोनीने २००७ च्या टी-२० विश्वचषक फायनलला जोगिंदरला शेवटची ओव्हर दिली, २०११ च्या विश्वचषक फायनलला युवराजच्या आधी स्वतः आला. एवढं पुरे आहे. कप्तान म्हणजे सगळं. विषय संपला.

आकडेमोड

त्याच धोनीच्या संघाने २०११ ला विश्वचषकानंतर इंग्लंडमध्ये ०-४ आणि लगेच ऑस्ट्रेलियात ०-४ खाल्ला (शेवटची टेस्ट सेहवागच्या कप्तानीत, धोनीवर बंदी होती म्हणून). विषय उघडा आहे.

कांगालीगवाला

बरीच वर्षं पावसाळी क्रिकेटमध्ये क्लबचा कप्तान होतो, म्हणून थोडं खालच्या पायरीवरून लिहितो. टीव्हीवर जे दिसतं ते कप्तानीचा फार लहान भाग आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : कांगा लीग १९४८ पासून मुंबईच्या मैदानांवर भर पावसाळ्यात चालते. गवत घोट्यापर्यंत, पिच ओलं, चेंडू कधी उसळेल कधी घसपटेल सांगता येत नाही. १०० धावा म्हणजे डोंगर. अशा ठिकाणी दोन संघांत कसबाचा फरक जवळपास पुसला जातो आणि तेव्हा कप्तान दिसायला लागतो. कुठल्या टोकाची माती जास्त ओली आहे. पाऊस किती वाजता येईल. जलद गोलंदाजाचा पाय घसरतोय, मग त्याला काढून साध्या, सरळ स्टंपात टाकणाऱ्याला आणायचं का. अशा पिचवर नव्वद टक्के वेळा हे दुसऱ्या प्रकारचे लोक विकेट काढतात, पण आपल्या सर्वांत वेगवान गड्याच्या हातून चेंडू काढून घ्यायला तोंड लागतं. तो नोकरीवरून हाफ डे टाकून आलेला असतो आणि संध्याकाळी ट्रेनमध्ये तुमच्यासमोरच बसणार असतो!

दुसरं, कॅच सुटला की त्या माणसाला कुठे उभं करायचं. नवखा कप्तान त्याला लगेच बाउंड्रीवर हाकलतो. मग तो गडी त्या दिवसापुरता संपला. तिथेच ठेवला तर दुसरा सुटायचा धोका असतोच, पण अकरा जण तुमच्याकडे बघत असतात. पुढच्या कॅचला सगळेच जरा जास्त झेपावतात.

तिसरं, कोणाला चेंडू द्यायचा यापेक्षा कोणाला आज द्यायचाच नाही हे ठरवणं अवघड. सिराजला लंचपर्यंत थांबवल्याचा मुद्दा थर्डमॅनने लिहिलाय, तो मला या धाग्यातला सर्वांत कप्तानी मुद्दा वाटला. पदार्पणाला आलेला पोरगा, वडील नुकतेच वारलेले, दौरा सोडून घरी न गेलेला. त्याला बॉक्सिंग डेच्या सकाळी कोवळ्या चेंडूसकट पुढे ढकलला असता आणि दोन ओव्हरमध्ये २० गेल्या असत्या तर?

हे सगळं स्कोअरबुकात कुठेही येत नाही. म्हणून आकडेमोड यांचे आकडे बरोबर असूनही अपुरे.

आकडेमोड

स्कोअरबुकात येत नाही म्हणून खरं, असं म्हणायला लागलो तर ज्योतिषीही खरे ठरतील. (हलकेच घ्या.) पण 'दोन संघांतला फरक पुसला गेला की कप्तान दिसतो' हे मला पटलं. दुसऱ्या शब्दांत, फरक मोठा असेल तर कप्तान कोण याने काही होत नाही.

जुनी_विकेट

याला आपल्याच घरचं उदाहरण आहे. मुंबईने १९५८-५९ ते १९७२-७३ ओळीने १५ वेळा रणजी जिंकली. त्या काळात कप्तान कितीतरी झाले. कोणीही कप्तान असो, मुंबई जिंकायची. आकडेमोड म्हणतात तेच.

पण त्यातलं १९७०-७१ चं वर्ष वेगळं काढा. वाडेकर, गावसकर, सरदेसाई, सोलकर, अशोक मंकड, सगळे वेस्ट इंडीजमध्ये. वर मी सांगितलेली मालिका चालू होती तेव्हाचीच गोष्ट. मागे उरलेल्या पोरांना घेऊन सुधीर नाईकांनी रणजी जिंकली, फायनलला महाराष्ट्राला हरवून. नाव मुंबईचंच, पण ती मुंबई नव्हती. पुण्याच्या मंडळींना ते वर्ष अजून डाचतं.

म्हणजे एकाच मोसमात दोन्ही बाजूंचा पुरावा : मैदानं, क्लब, खडूसपणा हे इतकं मुरलेलं की पाच मोठे खेळाडू काढले तरी चालतं, आणि उरलेल्यांना तो विश्वास द्यायला कोणीतरी शांत डोक्याचा माणूस लागतो.

थर्डमॅन

जुनी_विकेटकाका, हे माहीत नव्हतं. धन्स.

कांगालीगवाल्यांच्या मुद्द्यावरून ब्रिस्बेन आठवतं. तिथे फरक पुसलेला नव्हता, उलट आपल्या विरोधात प्रचंड होता. सिराज, सैनी, ठाकूर, नटराजन, सुंदर : पाच जणांच्या मिळून आधीच्या टेस्ट ४. समोर कमिन्स, स्टार्क, हेझलवुड, लायन यांच्या मिळून हजाराहून जास्त विकेट. ब्रिस्बेनच्या त्या गॅबा मैदानावर ऑस्ट्रेलिया १९८८ नंतर हरलेला नव्हता. आणि ३२८ आपण गाठले. वीस विकेटही काढल्या. म्हणजे आकडेमोड यांचा नियम इथे लागत नाही.

त्या दौऱ्यात मला रहाणेचं सगळ्यात मोठं काम सिडनीचं वाटतं. प्रेक्षकांतून सिराजला वर्णद्वेषी शिव्या पडल्या. त्याने येऊन सांगितलं आणि रहाणेने ते पंचांपर्यंत नेलं. खेळ थांबला, काही लोकांना बाहेर काढलं. मैदान सोडायचा पर्याय दिला गेला तेव्हा रहाणेने आम्ही खेळायला आलोय असं सांगितल्याचं सिराजने नंतर सांगितलंय. पुढच्याच टेस्टला त्या सिराजने डावात ५ विकेट घेतल्या. शिवाय सिडनीच्या शेवटच्या दिवशी पंतला पाचव्या नंबरवर वर पाठवलं, त्याने ९७ ठोकल्या. गॅबालाही तिथेच आला आणि नाबाद ८९.

रहाणेने ६ टेस्टमध्ये कप्तानी केली. ४ जिंकल्या, २ अनिर्णित. एकही हरला नाही. कायमचा कप्तान कधीच झाला नाही.

गल्लीबोळ

सहा टेस्टवर एवढं? त्याची बॅटिंग बघा मग बोला.

सौ_स्क्वेअरकट

ब्रिअर्लीची बघितलीत का? :-)

लीड्सवासी

खेळाडू तेच, कप्तान वेगळा, याचं ताजं उदाहरण राहून गेलं. रूटच्या शेवटच्या १७ टेस्टमध्ये इंग्लंडचा १ विजय. स्टोक्स आला आणि २०२२ च्या उन्हाळ्यात ७ पैकी ६. रूट, बेअरस्टो, अँडरसन, ब्रॉड, तीच माणसं. एजबॅस्टनला आपल्याविरुद्ध ३७८ चा पाठलाग ३ विकेट गमावून केला. इथल्या ऑफिसात तो आठवडा कसा काढला ते विचारू नका.

आकडेमोड

कोच पण बदलला होता. मॅकलम. आणि त्या वर्षीचे ड्यूक चेंडू लवकर मऊ पडत होते, दोन्ही बाजूंचे गोलंदाज कुरकुरत होते. पण ७ पैकी ६ फक्त चेंडूच्या मऊपणावर होत नाहीत. इथे कप्तानाला गुण देतो. सढळ हाताने.

पायचीत

प्रकाटाआ, म्हणजे प्रतिसाद काढून टाकला आहे. (आकडेमोड यांनी कप्तानाला गुण दिले हे वाचून हातातला चहा कीबोर्डवर.)

चहाटळ

बार्बाडोस २०२४, टी-२० विश्वचषकाची फायनल, समोर दक्षिण आफ्रिका, हे कोणीच कसं काढलं नाही? ३० चेंडूंत ३० हव्या, क्लासन पेटलेला. रोहितने बुमराला १६ वी आणि १८ वी दिली, म्हणजे शेवटच्या दोनसाठी बुमरा उरणारच नाही. धोका होता. पण १९ वी येईपर्यंत मॅच गळ्याशी आणली नाही तर १९ व्या ओव्हरला अर्थच नाही, हा विचार. ७ धावांनी जिंकलो.

आणि त्याच वर्षी न्यूझीलंडविरुद्धच्या टेस्टमध्ये बंगळुरूला ढगाळ हवेत टॉस जिंकून बॅटिंग घेतली, ४६ ऑलआउट, पुढे घरच्या मैदानावर ०-३. पिच वाचण्यात चूक झाली हे रोहितने स्वतःच कबूल केलं होतं.

सौ_स्क्वेअरकट

आणि आमच्या पोरी? २ नोव्हेंबर २०२५, डी. वाय. पाटील स्टेडियम, महिला विश्वचषकाची फायनल, समोर दक्षिण आफ्रिका. साखळीत ओळीने तीन मॅच हरून आलेला संघ, फायनलमध्ये २९८. वोल्व्हार्ट आणि लूस जमलेल्या. हरमनप्रीतने चेंडू दिला शफालीला! जी मुळात प्रतिका रावल जखमी झाली म्हणून संघात आलेली, ८७ धावा करून बसलेली. लूस तिच्याच हातात परत, पुढच्या ओव्हरला काप यष्टीमागे. हरमन म्हणाली, आतून वाटलं म्हणून दिला.

जुनी_विकेट

दुराणी! अगदी दुराणी!

आकडेमोड

दोन्ही सुंदर. पण आतून वाटलं म्हणून चेंडू दिला आणि ओव्हरमध्ये २० गेल्या, अशा किती वेळा असतील? त्या कोणी सांगत नाही. निकालावरून निर्णय जोखायची आपली खोड जात नाही.

२००३ विश्वचषक फायनल, जोहान्सबर्ग. गांगुलीने टॉस जिंकून फील्डिंग घेतली. ऑस्ट्रेलिया ३५९. आजतागायत शिव्या.

२०२३ विश्वचषक फायनल, अहमदाबाद. कमिन्सने टॉस जिंकून फील्डिंग घेतली. भारत २४०. कमिन्स द्रष्टा.

कांगालीगवाला

दोन्हींत फरक आहे हो. कमिन्सने संथ पिच आणि संध्याकाळचं दव यांचा हिशोब मांडला होता, आणि तो हिशोब दिवसभर पाळला. गोलंदाज सतत बदलत ठेवले, बाउंड्रीवर माणसं अशी लावली की मधल्या ओव्हरमध्ये चौकारच आटले. जोहान्सबर्गला सकाळी ओलावा होता, गांगुलीचा निर्णय कागदावर वेडा नव्हता. पण झहीरची पहिली ओव्हर १५ धावांची.

गल्लीबोळ

मग त्यात दादाने काय करायचं होतं? स्वतः टाकायची होती का?

कांगालीगवाला

चेंडू झहीरच्या हातात परत देण्याआधी त्याच्याजवळ जाऊन उभं राहायचं होतं, एवढंच. कदाचित गांगुली राहिलाही असेल. टीव्हीने तोवर जाहिरात लावली होती.